अशोकाच्या झाडांना पाणी कोण घालीत असे?

फलटणच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. या बत्तीस वर्षांत सम्राट अशोकाकडून मी रस्त्याच्या दुतर्फा इतकी झाडे लावून घेतली की, ती सगळी जगती तर आमचा हा पर्जन्यछायेतला तालुका महाबळेश्वरला मागे टाकता. अशोकाने झाडे लावली, शेरशहाने सडक बांधली, अहिल्याबाईंनी घाट बांधले, ही तीन वाक्ये जो न चुकता लिहितो तो इतिहासात नापास होत नाही, असा माझा अनुभव आहे. काही विद्यार्थी झाडे शेरशहाच्या नावावर घालीत. त्यांना मी अर्धा गुण देत असे. कारण त्यानेही लावलीच होती.

एके वर्षी सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. शेवटच्या बाकावरचा हात साधारणपणे बाहेर जाण्याची परवानगी मागायला वर येतो. म्हणून मी न बघताच "जा" म्हणालो.

"जायचं नाही सर, विचारायचंय. त्या झाडांना पाणी कोण घालायचं?"

वर्ग हसला. मलाही हसू आले होते. पण मास्तराने वर्गाबरोबर हसायचे नसते, आधी किंवा नंतर हसायचे असते. "हे परीक्षेला येत नाही. खाली बस," मी म्हणालो. तो बसला. प्रश्न मात्र तसाच उभा राहिला, आणि निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी, गेल्या पावसाळ्यात, तो मला येऊन धडकला. धडकला हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

आमच्या घराकडून मोठ्या रस्त्याला लागताना वळणावर एक खड्डा आहे. त्या खड्ड्याशी आमचा घरोबा होता. उन्हाळ्यात तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्याच्या पोटात दगड कुठे आहे, हे सारे मला तोंडपाठ होते. पण पावसाळ्यात खड्डा सभ्य होतो. काठोकाठ पाणी भरून रस्त्याच्या पातळीला येतो आणि आपण रस्ताच आहोत असे भासवतो. त्या दिवशी मी स्कूटरवर होतो आणि मागे सौभाग्यवती होत्या. "अहो, हळू," असे त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणायला त्या स्कूटरवर नव्हत्या. मी होतो.

मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. घरातला उजवा हात म्हणजे काय असतो हे मला त्या सहा आठवड्यांत कळले. मी केलेली पहिली भाकरी हुबेहूब सातारा जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली होती. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला सपाटी, आणि ईशान्येला, फलटणच्या जागी, नेमके भोक! "निदान भूगोल तरी बरा येतो तुम्हांला," प्लास्टरमधून उद्गार आले.

दुखणे माणसाला तत्त्वज्ञ बनवते म्हणतात. बायकोचे दुखणे तक्रारदार बनवते. मी अर्ज घेऊन निघालो. पहिल्या कचेरीत मला खुर्ची मिळाली, पाणी मिळाले, आणि तो रस्ता त्यांच्याकडे नाही ही माहिती मिळाली. दुसऱ्या कचेरीत खुर्ची मिळाली, पाणी मिळाले नाही. रस्ता त्यांच्याकडे होता, पण खड्डा वळणाच्या कडेला होता आणि कड त्यांच्याकडे नव्हती. तिसऱ्या कचेरीत खुर्चीही मिळाली नाही, पण माणूस खरे बोलणारा भेटला. "मास्तर, नवीन रस्ता मागा, एखाद् वेळेस मिळंल. दुरुस्ती मागू नका. नव्याला पैसा असतो, जुन्याला नसतो." या कचेऱ्यांची नावे मी सांगत नाही. सांगितली तरी 'ती आम्ही नव्हे' असेच त्या म्हणतील.

घरी आलो. चहा केला. (तो कसा झाला होता हे विचारू नये.) आणि इतिहासाच्या मास्तराला जे करता येते ते करायला बसलो. पुस्तके काढली. पूर्वी हे रस्ते राखत कोण होते, एवढेच मला पाहायचे होते.

पहिला धक्का इंपीरियल गॅझेटियरने दिला. १९०८ सालच्या सुमाराच्या या ग्रंथात फलटणची नोंद आहे. फलटण तेव्हा निंबाळकरांचे संस्थान होते, क्षेत्रफळ ३९७ चौरस मैल. नगरपालिका १८६८ सालची. आणि पुढे तो लिहिणारा चक्क म्हणतो की, या गावातले रस्ते स्वच्छ आणि नीट राखलेले आहेत, आणि गावाभोवतीच्या रस्त्यावर झाडांची छान सावली आहे! मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. फलटणच होते. मी ते सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "तेव्हा तुमची स्कूटर नव्हती."

पण गंमत अशी की, ते रस्ते कोण नीट राखत होते, झाडांना पाणी कोण घालत होते, याबद्दल गॅझेटियर अवाक्षर काढत नाही. म्हणजे साहेबाने लिहिलेला इतिहासही माझ्याच वर्गातला निघाला. बांधणाऱ्याचे नाव असते, राखणाऱ्याचे नसते. तुम्ही रस्त्याच्या उद्घाटनाची कोनशिला पाहिली असेल, पुलाची पाहिली असेल. खड्डा बुजवल्याची कोनशिला कुणी पाहिली आहे का?

तिसऱ्या कचेरीतल्या त्या गृहस्थाचे वाक्यही मी तपासले. त्याच्या वाक्यामागे शंभर वर्षांची परंपरा आहे, हे त्याला बिचाऱ्याला ठाऊक नसावे. मोटारी वाढल्या तेव्हा १९२७ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठात शिकलेली मंडळी त्यांना ग्रंथालयाच्या पाटीवरून ओळखतात. समितीने सुचवले की, पेट्रोलवर गॅलनला दोन आणे जादा घ्यावेत आणि ते रस्त्यांसाठी ठेवावेत. १९२९ पासून तसा निधी उभा राहिला. १९४३ साली नागपुरास देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांची वर्णव्यवस्था ठरवली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि अगदी खाली गावरस्ते. विचार थोर होता. चांगल्या शेतीच्या मुलखात कोणतेही खेडे मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असे त्यांनी म्हटले. पण जयकरांच्या समितीचे नाव रस्ते-विकास समिती, आणि नागपूरच्या आराखड्याचा हिशेब किती मैल नवे झाले याचा. बांधलेला मैल रोज राखावा लागतो, हे त्या थोरांना माहीत नव्हते असे नाही. पण राखलेला मैल अहवालात दिसत नाही. काल होता तसाच तो आज दिसतो. यात मिरवायचे काय?

त्यात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि रस्त्यांच्या वाटण्या झाल्या. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, काही जिल्हा परिषदेकडे, गावातले नगरपालिकेकडे. भाऊबंदकीत बांधावरचे झाड वाळते तसे वाटणीच्या सांध्यावरचे खड्डे वाढतात. हा नियम साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे, एकट्या आमच्या वळणाला नव्हे. आणि आम्हां फलटणकरांची तर याबाबतीत दुहेरी पंचाईत आहे. संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झाले, आणि आमचे शेवटचे राजे श्रीमंत मालोजीराजे नाईक निंबाळकर पुढे मुंबई राज्याचे बांधकाम मंत्री झाले. ज्या गावच्या राजाने साऱ्या राज्याचे रस्ते सांभाळले, त्या गावच्या माणसाने खड्ड्याबद्दल तक्रार करायची कोणत्या तोंडाने?

असे वाचत असताना मला एकदम तात्या आठवले.

माझे आजोळ बरडच्या बाजूला. साठ सालच्या मागेपुढे मी सुटीत तिकडे जात असे. त्या रस्त्यावर एक मैलकुली होता. मैलकुली हा शब्द आता नव्या पोरांना सांगावा लागतो. सरकार रस्त्याचा मैल-दीड मैल एकेका माणसाच्या हवाली करी. तेवढा रस्ता त्याचा. आम्ही पोरे त्याला तात्या म्हणत असू. तात्यांजवळ एक फावडे, एक कुदळ, एक घमेले, एक धुमस आणि एक खुरपे एवढाच संसार होता. दुपारी ते वडाखाली भाकरी खात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्याबद्दल विचारीत, जसे आपण एखाद्याला मुलाबाळांबद्दल विचारतो.

तात्यांचे पंचांग वेगळे होते. चैत्र-वैशाखात कडेला खडीचे ढीग यायचे. मुकादम येऊन ते ब्रासाने मोजून जायचा, आणि तो गेला की तात्या पुन्हा आपल्या डोळ्याने मोजायचे. ज्येष्ठ लागला की मोऱ्यांमधला गाळ काढायचा, कडेच्या चरांतले गवत खुरपायचे. पहिला पाऊस आला की सगळे गाव घरात पळायचे आणि तात्या पोत्याची खोळ घेऊन घराबाहेर. भर पावसात ते फावडे घेऊन रस्त्याने चालायचे. जिथे पाणी थबकले तिथे बोटभर वाट करून त्याला कडेला काढून द्यायचे. श्रावण-भाद्रपदात उघडीप मिळाली की खड्ड्याचे तोंड चौकोनी कापून, आत खडी-मुरूम भरून, धुमसाने ठोकायचे. दिवाळीनंतर पावसाने खचलेल्या साइडपट्ट्या भरायच्या. मग उसाच्या गाड्या सुरू. त्यांच्या चाकोऱ्या बुजवायच्या, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आणि फाल्गुनात, जरा उसंत मिळाली की, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढायचे आणि मैलाच्या दगडाला आंघोळ घालून पांढरा करायचा. तो दगड रंगवताना तात्या जीभ बाहेर काढून आकडा गिरवीत. त्यांना लिहिता येत नव्हते. पण तो एक आकडा त्यांच्याइतका सुबक आमच्या शाळेतल्या गुरुजींनाही येत नसे.

"तात्या, एवढ्या पावसात कशाला भिजता?" मी एकदा विचारले.

"रस्ता दगडानं मोडत न्हाई रं पोरा, पान्यानं मोडतो. पान्याला वाट दिली की रस्ता आपली वाट सोडत न्हाई. रस्त्याला कासवावानी पाठ पायजे. मधी उच्च, कडंला उतार."

पुढे कळले की दोनशे वर्षांपूर्वी मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने जगाला हेच शिकवले. फोडलेल्या दगडाचे थर घाला, एकही दगड सहा औंसांहून जड नको, आणि काही झाले तरी रस्त्याखालची जमीन कोरडी ठेवा. त्याचे नाव रस्त्याला पडले, अजून आहे. तात्यांचे खरे नाव मी विचारलेच नव्हते.

आणि तात्यांचा रस्ता काही सोपा नव्हता. भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले, नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटणच्या रानात खेळले, ऊस उभा राहिला आणि पुढच्या काही वर्षांत साखरवाडीचा कारखाना निघाला. फलटणचे दिवस पालटले, पण रस्त्याचे फिरले. खाली काळी जमीन. ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर उसाची गाडी. तिच्या चाकाची लोखंडी धाव दोन-तीन बोटे रुंद. सगळे ओझे तेवढ्यावर. खडीचे पीठ व्हायचे. आता टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आल्या, खडीवर डांबर आले. पण डांबराचा आणि पाण्याचा उभा दावा आहे. एका बारीक भेगेतून पाणी आत शिरते, वरून चाक दाबते, खालची खडी सुटते, आणि चार पावसांत भेगेचा खड्डा होतो. भेग असतानाच कुणीतरी बघायला हवे. बघणारा तात्या होता.

हे तात्या गेले कुठे? त्यांना कुणी हाकलले नाही. उलट १९६७ च्या कालेलकर तडजोडीने बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या जुन्या रोजंदारीवाल्यांची सोय झाली. पाच वर्षे भरलेल्यांना 'रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना' मिळाली. नियमित आणि अस्थायी ही दोन विशेषणे एकाच माणसाला एकाच वेळी लावणारा कारकून मला भेटवा, मी त्याच्या पाया पडेन. मग ही माणसे एकेक करून निवृत्त झाली आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. दरम्यान १९७२ चा दुष्काळ पडला. त्या वर्षी माणसे सुकडी खाऊन खडी फोडत होती, तो ठोक्यांचा आवाज माझ्या कानांत अजून आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्या दुष्काळात लाखोंच्या चुलीला आधार झाली. त्यातून रस्तेही खूप झाले. पण भुकेने बांधलेला रस्ता पाऊस आला की माणसासारखाच शेताकडे निघून जातो. त्याला धरून ठेवायला मागे तात्या लागतो, आणि हमी कामाची होती, रस्त्याची नव्हती.

आता तात्यांच्या जागी कलम आले आहे. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. तिच्यात रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराने पुढची पाच वर्षे तो राखायचा असतो. याला 'दोषदायित्व कालावधी' म्हणतात. कल्पना मला फार आवडली. आमच्या लग्नात असा कालावधी ठेवला असता तर, असे मी बोलून गेलो, आणि सहा आठवडे पुरे होऊनही भाकऱ्या माझ्याकडेच राहिल्या. पण सहाव्या वर्षी त्या रस्त्याकडे कोण बघतो, हा प्रश्न उरतोच.

एक खरे, की फलटणचा रस्ता वर्षातून एकदा हमखास देखणा होतो. आषाढीला माउलींची पालखी येते तेव्हा. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास हा सोहळा आजच्या रूपाला आणला. तेव्हापासून पादुकांना नीरेचे स्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण, तरडगाव आणि मग फलटण. पालखीच्या आधी पंधरा दिवस खड्डे बुजतात, झुडपे कापली जातात, फक्की पडते. मुक्कामाच्या दिवशी आमच्या दारावरून लाखो पावले जातात, पण कुणाला ठेच लागू नये असा रस्ता. आता तर हा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ९६५ झाला आहे. दिवेघाट ते मोहोळ २२१ किलोमीटर चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली, आणि दोन्ही अंगांना वारकऱ्यांसाठी पायवाट त्यात धरली आहे. आनंद आहे. पण ज्या माउलींनी विश्वासाठी मागणे मागितले, त्यांना दिवाळीनंतर दूध घालायला निघालेल्या सायकलवाल्याचा रस्ता दिसत नसेल काय? पालखी पुढे बरडला गेली की आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि पहिला दणका पाऊस आला की खड्डे आपापल्या जागी परत येतात. वारकऱ्यांसारखेच ते वारी चुकवत नाहीत.

आणि मग मला सापडले ते माझ्या नाकासमोर होते. फलटण ही महानुभावांची दक्षिण काशी. पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी यांचा जन्म बाराव्या शतकातला, याच गावातला. चैत्रातल्या यात्रेची गर्दी मी जन्मभर पाहत आलो, पण हे चक्रपाणी काय करीत असत हे मी इतिहासाच्या मास्तराने कधी वाचले नव्हते. परंपरा सांगते की, ते घर सोडून द्वारकेला गेले आणि तिथे हातात खराटा आणि सूप घेऊन गल्ल्या झाडू लागले. रस्ता झाडायचा, केर सुपात भरायचा, गोमतीत नेऊन टाकायचा. रोज. त्यांनी ज्यांना ज्ञान दिले ते त्या सूप-खराट्याच्याच स्पर्शाने दिले, असे म्हणतात. ना त्यांनी रस्ता बांधला, ना कोनशिला बसवली. काल झाडलेला रस्ता आज पुन्हा झाडला, एवढेच. आणि ज्या गावाने हा अवतार जगाला दिला, त्या गावचा मी माणूस तीन कचेऱ्यांत अर्ज घेऊन फिरत होतो.

त्याच आठवड्यात स्कूटर पंक्चर झाली. वळणापाशीच टायरचे दुकान आहे. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. तोच, शेवटच्या बाकावरचा. सकाळी सातला गेलो तर हा दुकान उघडायच्या आधी घमेल्याने खड्ड्यात मुरूम टाकत होता आणि पायाने दाबत होता.

"अरे, तू हे कशाला करतोस? खड्डे असले तर तुझा धंदा बरा."

"सर, धंदा खिळ्यावर चालतो. खड्ड्यावर नको वाटतो. काकू पडल्या तेव्हा मीच उचललं ना त्यांना."

"पण हा मुरूम टिकणार किती?"

"चार दिवस. पाचव्या दिवशी परत टाकायचा."

"असं किती दिवस करणार?"

तो हसला. "सर, रोज जेवता ना? किती दिवस जेवणार, असं कुणी विचारतं का?"

मी त्याला त्याच्या सहावीतल्या प्रश्नाची आठवण दिली. त्याला काही आठवेना. "मी असं विचारलं होतं? मग उत्तर काय सांगितलंत तुम्ही?" मी सांगितले की, ते मी अजून शोधतो आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी फिरायला जायच्या वेळात तिथे जातो. घमेले उचलायचे वय राहिले नाही, पण वळणावर जी सुटी खडी पसरते, जिच्यावरून दुचाक्या घसरतात, ती मी गोळा करून पुन्हा खड्ड्यात टाकतो. पहिल्या दिवशी घरातून निघताना दाराआडचा खराटा घेतला आणि, दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून, भिंतीवरचे सूप. परत आलो तेव्हा सौभाग्यवती ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा सुपाकडे. तांदूळ पाखडायचे सूप! मी मान खाली घालून उभा राहिलो.

"धुऊन जागच्या जागी ठेवा," त्या म्हणाल्या. "उद्या परत लागेल."